सलग ऐकण्यासाठी: जुन्या टॅबच्या म्युझिक प्लेअरच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

बाबा आणि मी आज फोनवर एक मैफल ऐकत होतो. बाबांनी तरुणपणी स्वतः कॅसेटवर रेकॉर्ड केलेली, मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतलेली. विलंबिताची (संथ लयीतल्या गाण्याची) बढत हळूहळू तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, निघाली होती आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तो कापून गाणं पुन्हा सुरू केलं, तर दोन मिनिटांत मेसेजची टिंग. बाबा म्हणाले, "राहू दे गं, बघू पुन्हा कधीतरी," आणि उठून गेले. वीस मिनिटं जमत आलेलं वातावरण गेलं. रेकॉर्डिंग मागे सरकवता येतं, मन तिथून पुन्हा सुरू होत नाही.

कपाटात दहा इंची जुना टॅब आहे. अँड्रॉइड ७, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, मायक्रोएसडी कार्डाची खाच, हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक, मायक्रो यूएसबी. काचेचा एक कोपरा तडकलेला. ब्राउझर उघडायला त्याला अर्धं मिनिट लागतं, पण फ्लॅक फाइल (आवाज काहीही न गमावता कमी जागेत साठवणारी) उलगडून वाजवणं हे प्रोसेसरच्या दृष्टीने अगदी हलकं काम. तेवढं त्याला सहज जमेल.

अपेक्षा एकच लिहून ठेवते: एकदा लावलं की रेकॉर्डिंग संपेपर्यंत मध्ये कशानेही खंड पडू नये.

रविवार, ५ जानेवारी

आधी बॅटरी बघितली. टॅब सपाट टेबलावर पालथा आणि उताणा ठेवून कोपरे दाबले. डुगडुगत नाही, पडदा कुठे उचललेला नाही, मागचं झाकण फुगलेलं नाही. बॅटरी फुगलेली असती तर प्रकल्प इथेच थांबवला असता. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

मग फॅक्टरी रीसेट. सुरू होताना टॅबने खातं मागितलं, ते टाळून पुढे गेले. वायफाय, ब्लूटूथ बंद, विमान मोड चालू. टच केल्यावर होणारा आवाज, कुलूप उघडतानाचा आवाज, चार्जर लावल्यावरची टिंग, कॅलेंडर, अलार्म, सगळं बंद. आधीपासून भरलेली २३ ॲप्स निष्क्रिय केली. फक्त प्लेअर, फाइल मॅनेजर आणि सेटिंग्ज उरली.

ऑनलाइन सेवा यावर नकोच, हे आज नक्की केलं. नेटवर्क आलं की अपडेट येतात, सूचना येतात, आणि फोनवर जे होत होतं तेच इथेही सुरू होतं. शिवाय आम्हाला जे ऐकायचं आहे त्यातलं निम्मं कोणत्याच सेवेवर नाही.

शनिवार, ११ जानेवारी

संग्रहाची मोजणी. ११८ सीडी आधीच फ्लॅकमध्ये उतरवलेल्या, ४१ कॅसेट, आणि काही जुन्या एमपी३.

फ्लॅकच का, याचं उत्तर आकड्यांत आहे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट आणि मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक हे सगळं एकही बिट न गमावता साधारण निम्म्या जागेत बसवतो. अभिजात गायनाच्या एकल रेकॉर्डिंगला तर माझ्याकडे त्याहून कमी जागा लागली आहे. ३२० किलोबिटची एमपी३ मिनिटाला २.४ एमबीत भागवते, पण त्यासाठी आवाजातलं काही कायमचं टाकून देते. जागा कमी असती तर तीही चालली असती. मात्र कॅसेटवरून आलेल्या आवाजात आधीच पुष्कळ हरवलेलं आहे, आणखी काही टाकायची माझी तयारी नाही.

एकूण ५६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पुरून उरेल.

फ्लॅकचा आणखी एक गुण आज कामी आला. फाइल तयार होताना मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला ओळखीचा आकडा) तिच्याच आत नोंदवला जातो. चाचणीचा आदेश दिला की प्रोग्राम पूर्ण फाइल उलगडतो आणि ठसा जुळतो का ते बघतो. रात्रभर सगळा संग्रह तपासायला लावला. सकाळी तीन फाइल नापास. तिन्ही ज्या जुन्या हार्ड डिस्कवर होत्या तिचे दिवस भरत आलेत. त्या सीडी सापडल्या, पुन्हा उतरवल्या. हे आज कळलं नसतं तर एखाद्या तानेच्या मध्यावर कळलं असतं.

रविवार, १२ जानेवारी

कार्ड वापरण्याआधी ते खरंच १२८ जीबीचं आहे का ते तपासलं. छोट्या कार्डाला मोठा आकडा सांगायला शिकवलेला असतो, अशी नकली कार्डं फिरत असतात. ती भरताना तक्रार करत नाहीत, ठरावीक हद्दीनंतरचा मजकूर मात्र नाहीसा होतो. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम अख्खं कार्ड भरतो आणि परत वाचून पडताळतो. लिहायला दोन तास लागले, वाचायला तासाभराहून कमी. कार्ड खरं निघालं.

टॅबमध्ये घातल्यावर "कार्ड खराब आहे" असा संदेश. कार्ड चांगलंच होतं, अडचण एक्सफॅटची होती. ६४ जीबी आणि पुढची कार्डं या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि प्रत्येक जुन्या टॅबला ती वाचता येतेच असं नाही. टॅबकडूनच पुन्हा फॉरमॅट करून घेतलं, त्याने फॅट३२ केलं. फॅट३२मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी. माझी सर्वांत मोठी फाइल अर्ध्या जीबीचीही नाही.

फॉरमॅट करताना टॅब विचारतो: "पोर्टेबल" की "अंतर्गत"? अंतर्गत निवडलं तर कार्ड कूटबद्ध होऊन त्याच टॅबला बांधलं जातं, दुसऱ्या कुठल्याही यंत्रात वाचता येत नाही. उद्या टॅब मेला तर कार्डही गेलं. त्यामुळे पोर्टेबल.

शनिवार, १८ जानेवारी

नावांचा दिवस. मला वाटलं होतं तासाभराचं काम असेल.

पहिली अडचण: कार्ड संगणकात असतानाच एक फोल्डर केबलने टॅबच्या आतल्या साठवणीत टाकून बघितला. ३१ पैकी ९ फाइल गेल्याच नाहीत. कारण शोधताना लक्षात आलं की न गेलेल्या सगळ्यांची नावं लांबलचक आहेत: राग, ताल, बंदिशीचे शब्द, मैफलीचं वर्णन, सगळं फाइलच्या नावातच. टॅबच्या आतल्या फाइल सिस्टिमची नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे आपल्या वाट्याला चिन्हं आली ८५. "विलंबित" या चार अक्षरांच्या शब्दातच सात चिन्हं जातात. संगणकावर तेच नाव बिनतक्रार चालतं, कारण तिथली मर्यादा बाइटांत मोजलेली नाही.

उपाय सरळ होता. फाइलच्या नावात फक्त क्रमांक आणि रागाचं किंवा गाण्याचं नाव ठेवायचं, बाकी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत माहिती लिहायच्या जागेत. क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी, म्हणजे १ नंतर १० येत नाही. टॅगमधल्या ट्रॅक क्रमांकाला मात्र मी 1, 2 असे इंग्रजी आकडे दिले, कारण माझ्या प्लेअरला देवनागरी आकडे संख्या म्हणून कळले नाहीत.

रविवार, १९ जानेवारी

दुसरी अडचण, आणि हिच्यावर अर्धा दिवस गेला. "दुसऱ्या प्रहरातले राग" हा एकच संच (अल्बम) प्लेअरमध्ये दोनदा दिसत होता. एकात सात ट्रॅक, दुसऱ्यात पाच. नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी. एकातलं नाव कॉपी करून दुसऱ्यात शोधलं तर सापडत नाही!

दोन्ही नावं एकेका चिन्हात फोडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. "ऱ्या" दोन प्रकारे लिहिता येतं. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही तस्सेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. मी काही नावं फोनच्या कीबोर्डवर टाइप केली होती, काही संगणकाच्या, आणि दोन्ही कीबोर्ड वेगळ्या पद्धतीचे निघाले. "ॲ" या अक्षराचंही असंच: एक अखंड चिन्ह, किंवा अ वर चंद्र दिलेला.

एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये शोधा-बदलाचा एक नियम लिहिला आणि सगळ्या संग्रहावरून फिरवला. २१४ टॅग बदलले. संच एक झाला. ज्यांचा संग्रह मराठी नावांचा आहे त्यांनी हे सुरुवातीलाच करून घ्यावं, कारण तुटलेला संच वाजतानाही तुटतो. सातवा ट्रॅक संपला की प्लेअर थांबून जातो, उरलेले पाच त्याच्या दृष्टीने दुसऱ्याच संचात असतात.

एमपी३ फाइलमधल्या जुन्या टॅगमध्ये शीर्षकाला जागाच ३० बाइटांची. त्या पद्धतीला देवनागरी मुळातच माहीत नव्हती. तिथे चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत होती. ते टॅग पुसून आयडी३च्या नव्या आवृत्तीचे लिहिले.

मंगळवार, २१ जानेवारी

कार्डावर ५६ जीबी भरली. रात्री लावून झोपले.

शनिवार, २५ जानेवारी

पहिल्यांदा सलग ऐकायला बसले आणि लगेच अडखळले. ज्या सीडीवर विलंबित आणि द्रुत (जलद) असे दोन ट्रॅक केलेले आहेत तिथे तबल्याची लय दोन ट्रॅकमधून वाहत जाते, थांबत नाही. माझ्या प्लेअरमध्ये जोडावर जवळपास अर्धा सेकंद शांतता पडत होती. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघताना पायरी चुकल्यासारखं होतं.

या खंडाची दोन कारणं असू शकतात. एमपी३मध्ये ते फाइलमध्येच असतं: ती पद्धत आवाजाचे १,१५२ नमुन्यांचे ठोकळे करते, म्हणजे सीडीच्या वेगाला साधारण २६ मिलिसेकंदांचा एक ठोकळा. शेवटचा ठोकळा भरायला आणि सुरुवातीला कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) स्थिरावायला थोडी शांतता घातली जाते. किती घातली हे लेमसारखा कोडर फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवतो, प्लेअरने ते वाचून तेवढं कापायला हवं. फ्लॅकमध्ये असं काही नसतं, नमुना ना नमुना जसाच्या तसा. तिथे खंड पडला तर दोष प्लेअरचा: पहिली फाइल संपल्यावर तो दुसरी उघडायला निघतो. चांगला प्लेअर पहिली वाजत असतानाच पुढची उघडून तयार ठेवतो.

कानावर विसंबून किती प्लेअर तपासणार? म्हणून चाचणी तयार केली. ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या प्रोग्राममध्ये एका मिनिटाचा २२० हर्ट्झचा सलग सूर काढला, २० आणि ४० सेकंदांवर कापून तीन फ्लॅक फाइल केल्या. प्लेअर नीट असेल तर एक मिनिट अखंड सूर ऐकू येतो, जरा जरी चुकला तर जोडावर टक् असा आवाज. मग हेच तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगवर. तानपुऱ्यात तर लपायला जागाच नाही, गुंजन तुटली की कोणालाही कळतं.

चार प्लेअर तपासले. दोन नापास. एकात सोय होती पण सेटिंगमध्ये खोल पुरलेली. चौथा पहिल्यापासून नीट वाजला, पण त्याची बटणं इतकी बारीक की बाबांना दिसणार नाहीत. तिसरा ठेवला.

बाबांच्या त्या मैफलीच्या फाइल दोन आहेत, कॅसेटच्या दोन बाजू. ९० मिनिटांची कॅसेट, प्रत्येक बाजू ४५ मिनिटांची. पहिली बाजू द्रुताच्या मध्यावर संपते, कॅसेट उलटून पुन्हा सुरू करेपर्यंत गेलेलं गाणं कुठेच नाही. मी बाबांना विचारलं, दोन्ही टोकं हळूच विरवून एकमेकांत मिसळून देऊ का? म्हणाले, "नको. जसं आहे तसं ठेव."

शनिवार, १ फेब्रुवारी

पडदा बंद केल्यावर २२ मिनिटांनी गाणं बंद. पुन्हा लावलं, पुन्हा साधारण तेवढ्याच वेळाने बंद.

अँड्रॉइड ६पासून यंत्र पडून राहिलं की त्याला झोपवण्याची यंत्रणा आहे. वाजत असलेल्या प्लेअरला तिने हात लावायचा नसतो, पण या टॅबवर बनवणाऱ्यांनी आपला वेगळा बॅटरी-राखणदारही बसवला आहे आणि तो अधिक कडक आहे. तीन ठिकाणी जावं लागलं: बॅटरी ऑप्टिमायझेशनमध्ये प्लेअरला सूट, राखणदाराच्या यादीत "संरक्षित" अशी खूण, आणि रॅम साफ करणारं ॲप निष्क्रिय. ५ जानेवारीला ते सुटलं होतं माझ्याकडून.

दुपारी पडदा बंद ठेवून चार तास दहा मिनिटं सलग वाजवलं. थांबलं नाही. बॅटरी ८०वरून ५८ टक्क्यांवर आली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आवाजाची पातळी. कॅसेटवरचं संपलं आणि पाठोपाठ अलीकडची सीडी लागली की दचकायला होतं. बाबा दर वेळी उठून आवाज कमी करतात. हाही खंडच.

यावर रिप्लेगेन आहे. २००१मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली कल्पना: प्रत्येक फाइलचा कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचा आणि किती डेसिबल वरखाली करायचं तो आकडा फक्त टॅगमध्ये लिहायचा. मूळ आवाजाला धक्का लागत नाही, वाजवताना प्लेअर तेवढा फरक करतो. आत्ताची मोजणी उणे १८ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) या पातळीला धरून होते. फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरने रात्रीत सगळा संग्रह मोजला. नव्या सीडींना उणे ८-९ डेसिबल, कॅसेटींना अधिक ५ ते ७.

आकडे दोन लिहिले जातात, ट्रॅकचा वेगळा आणि पूर्ण संचाचा वेगळा. मी संचाचाच वापरते. ट्रॅकचा वापरला तर शांत आलाप आणि भरधाव 'झाला' (वाद्यवादनातला शेवटचा जलद भाग) एकाच उंचीवर येऊन बसतात. कलाकाराने जे चढउतार मुद्दाम ठेवले ते आपण सपाट का करायचे? कॅसेटींचा आवाज वाढवताना शिखरं फुटू नयेत म्हणून तशी सूचना देणारा पर्यायही चालू केला. कॅसेटची सळसळही थोडी वाढली, त्याला इलाज नाही आणि मला ती खटकत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ॲम्प्लिफायरला जोडणी. ३.५ मिलिमीटर ते आरसीए केबल. टॅबवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. १५वर भरगच्च जागी किंचित फाटतं, १३वर स्वच्छ. टॅब कायम १३वर आणि कमीजास्त करायचं ते ॲम्प्लिफायरच्या खुंटीने. बाबांनाही खुंटीच हवी होती.

चार्जर लावला आणि गुणगुण सुरू. चार्जर काढला की गायब. टॅब चार्जरमधून आणि ॲम्प्लिफायर आपल्या वायरीतून एकाच वीजजोडणीला लागतात, मधे ऑडिओ केबल त्यांना तिसऱ्या बाजूने जोडते, आणि त्या वर्तुळातून फिरणारा विजेचा गोंगाट आवाजात उतरतो. चार्जर बदलला, थोडा फरक. मधे छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला. गुणगुण पूर्ण गेली, पण तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा बारीक झाला. छोट्या गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर नीट पेलत नाहीत. डग्गा घालवून शांतता घ्यायची? नाही पटलं. वाजवायचं ते बॅटरीवरच.

रविवार, ९ फेब्रुवारी

मैत्रिणीचा यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत करणारी डबी) आठवड्यापुरता आणला. अँड्रॉइड ५पासून बाहेरचा डॅक जोडता येतो. मायक्रो यूएसबीत पाच पिना असतात, ओटीजी केबलमध्ये (टॅबला बाहेरचं उपकरण जोडणाऱ्या केबलमध्ये) त्यातली आयडी पिन ग्राउंडला जोडलेली असते. त्यावरून टॅबला कळतं की आपण आता यजमान, म्हणजे समोरच्याला वीज द्यायचीही आपणच.

टॅबचा स्वतःचा मिक्सर सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणतो. सीडीचं ४४.१ त्याला १४७ नमुन्यांचे १६० करून घ्यावं लागतं. डॅकसाठी स्वतःचा ड्रायव्हर असलेलं ॲप वापरलं की हा रस्ता टळतो आणि बिट जसेच्या तसे बाहेर पडतात. तत्त्व म्हणून मला हे फार आवडलं. ऐकताना? भावाला वायरी बदलायला लावून, न बघता दहा वेळा ओळखायचा प्रयत्न केला. सहा बरोबर. नाणं उडवूनही एवढं येतं. आणि डॅक जोडला की बॅटरी जवळपास दुप्पट वेगाने उतरते. डॅक परत देते आहे.

ब्लूटूथही पाहून घेतलं. दुसऱ्या खोलीत गेलं की दाराशी तुटतं. विषय संपला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बाबांच्या हातात पहिल्यांदा दिला. मी फॉन्ट सर्वांत मोठा केला होता, पडदा ॲपलाच जखडून ठेवायची सोय चालू केली होती, म्हणजे चुकून कुठे बोट लागलं तरी बाहेर पडत नाही. लाकडी पट्टीत खाच करून टॅब तिरका उभा राहील असा स्टँडही केला.

बाबांनी यादी खालीवर केली, एक संच उघडला, आणि विचारलं, "तबल्यावर कोण आहे ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी गायकांची नावं भरली, रागांची भरली. साथीदार माझ्या लक्षातच आले नाहीत. बाबांच्या वहीत मात्र प्रत्येक मैफलीपुढे तबला, हार्मोनियम, तानपुऱ्यावर मागे कोण बसलं होतं, सगळं आहे. म्हणाले, "अगं, ती पेटी ऐक. गायक जागा सोडतो ना, तिथे ती काय भरते बघ. आणि नाव नाही म्हणजे काय."

बरोबर आहे त्यांचं.

रविवार, १६ फेब्रुवारी ते गुरुवार, २० फेब्रुवारी

रोज संध्याकाळी वही घेऊन बसलो. ते वाचतात, मी टाइप करते. फ्लॅकच्या टॅगमध्ये आपल्याला हवा तो रकाना नव्याने घालता येतो, पण प्लेअर तो दाखवेल याची खात्री नसते. म्हणून दोन ठिकाणी लिहिलं: रीतसर कलाकारांच्या रकान्यात एकदा, आणि संचाच्या चित्रावर एकदा. प्रत्येक संचासाठी साधं पांढरं चौकोनी चित्र केलं, त्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत गायक, साथीदार, ठिकाण, तारीख. वाजताना पूर्ण पडद्यावर तेच दिसतं. चष्म्याशिवाय वाचता येतं.

४१ कॅसेटींपैकी ३७ पूर्ण झाल्या. चारांच्या नोंदी वहीत अर्धवट आहेत. त्यांच्या चित्रावर तेवढी जागा कोरी ठेवली आहे, नाव कळलं की भरू.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चार्जिंगचा नेम ठरवला. लिथियम बॅटरी कायम पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. त्यामुळे टॅब दिवसरात्र चार्जरला लटकवायचा नाही. ४०वरून ८० टक्क्यांवर यायला या टॅबला एक तास चाळीस मिनिटं लागतात. सॉकेटवर टायमर लावला, रात्री तेवढाच वेळ चालू. स्टँडच्या मागची पट्टी थोडी कोरली, पाठीला हवा लागावी म्हणून.

शनिवार, १ मार्च

दुसऱ्या कार्डावर पूर्ण प्रत, एक प्रत संगणकावर, एक भावाकडे. तिन्हींवर एमडी५ची चाचणी. सगळ्या पास.

रविवार, ९ मार्च

दुपारी चारला तीच मैफल लावली, जानेवारीत अर्धी राहिलेली. पडदा मंद केला. फोन दोघांचेही दुसऱ्या खोलीत.

बढत झाली, तार षड्ज लागला. तो किती वेळ टिकला ते मी मोजलं नाही. विलंबित संपून द्रुत सुरू झालं. बाबा मांडीवर ताल धरून बसले होते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला पहिली बाजू संपली, तान अर्ध्यावर कापली गेली.

टॅबने लगेच दुसरी बाजू लावली. पण मधल्या त्या तुटक्या जागेत, अगदी हलक्या आवाजात, बाबा ती तान पुरी करत होते. कॅसेट उलटताना त्यांनी ती ऐकली होती. दुसऱ्या बाजूचा पहिला सूर आला तेव्हा ते समेवर होते.

मी नंतर विचारलं, ते रेकॉर्ड करून मधे जोडू का. ते हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या पुन्हा लाव."